बाहीखालचा शिक्का

मायूमीने आंपारोचा हात धरला, उलटा केला, मनगटाच्या वर उमटलेल्या जांभळ्या शिक्क्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आजी स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत तिच्या शर्टाची बाही हळूच खाली ओढून दिली. एवढंच झालं. पोरगी पुन्हा जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवायला लागली. लोला पासिंग, म्हणजे मायूमीची आजी, आल्याचा चहा घेऊन आली. टेबलावर कुवेतचं तिकीट लावलेलं पाकीट पडलं होतं. "आईचं पत्र आलंय बघ गं, मावशीने वाटेत पोस्टातून उचलून आणलं," असं लोला दर बुधवारी म्हणते तसं म्हणाली, आणि गणितं शिकवायला येणाऱ्या त्या मावशीने, आंपारोने, दर बुधवारसारखी मान डोलावली. नऊ वर्षांची पोर, चार वर्षं आपण तिला बनवतोय असं आपल्याला वाटत होतं, आणि तिने आपली बाही सारखी केली! लहान मुलाच्या नाकाला आलेला शेंबूड मोठ्या माणसाने चारचौघांत पुसावा, तितक्या सहज.

तो शिक्का तसा साबणाने जात नाही. शहरातल्या बायकांच्या तुरुंगाच्या फाटकावर आत जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर तो मारतात. परत येताना तो दाखवला तरच बाहेर सोडतात, नाहीतर आतलीच एखादी पाहुणी म्हणून निघून जायची. आंपारो अकरा वर्षं दर रविवारी तो घेते. चर्चचं काम आहे ते. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे अशा पोरांना भेटीला न्यायचं, कागदपत्रं करायची, पत्रं पोचवायची, आतल्या आयांना पोरांच्या शाळेचे निकाल वाचून दाखवायचे. रविवारी संध्याकाळी ती लिंबाने घासते, रॉकेलने घासते, तरी बुधवारपर्यंत फिकी जांभळी कड राहतेच. म्हणून तर ती या घरी यायचं झालं की उकाड्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालते. आज गणितं तपासायला म्हणून बाही वर केली आणि विसरली. वस्तीतल्या नाल्याच्या काठाने ती जीपनीच्या, भाड्याच्या लांबट जीपगाडीच्या, थांब्याकडे चालत निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, पोरीला कधीपासून ठाऊक आहे? आणि त्याच्याही खाली, जिथे ती सहसा हात घालत नाही तिथे दुसरं काहीतरी हललं होतं. तिला चक्क हेवा वाटला होता. आपल्याला नऊ वर्षांचं असताना का नाही कळलं, असा.

आंपारोचे वडील खलाशी होते. म्हणजे तिच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तरी होते. आई सांगायची, बाबा आता रॉटरडॅमला आहेत, आता सांतोसला, आता योकोहामाला. पत्रं यायची, त्यांत बंदरं असायची, क्रेन असायच्या, बर्फ असायचा. शाळेत आंपारोचा भूगोलात कुणी हात धरत नसे. नकाशाच्या वहीत तिने तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढत नेली होती, जहाज जाईल तशी, आणि एकदा जहाज पनामाच्या कालव्यातून न जाता तीन आठवड्यांत व्हॅल्परायझोहून हॅम्बुर्गला पोचलं तेव्हा ती आईशी भांडली होती की हे शक्यच नाही. आई म्हणाली, बाबांचं जहाज नवीन आहे, जोरात जातं. झालं. मग बाविसाव्या वर्षी, वडील वारल्यावर, दक्षिणेकडच्या मोठ्या तुरुंगातून एक पहारेकरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन दारात आला, आणि त्यात तिने सोळा वर्षांत लिहिलेली सगळी पत्रं होती. घरापासून बसने चाळीस मिनिटं. शाळेची सहल एकदा त्याच रस्त्याने गेली होती. कैद्यांनी केलेल्या वस्तूंच्या दुकानाशी बस थांबली आणि तिने वडलांना पाठवायला म्हणून एक लाकडी गलबत घेतलं होतं. ते वडलांनी कोरलं असेल का, असं पुढे बरीच वर्षं तिने मनात खेळवलं. शेवटी चौकशी केली. वडील सुताराच्या खात्यात कधीच नव्हते, भटारखान्यात तांदूळ निवडायचे. पहारेकऱ्याने एक मात्र सांगितलं होतं, "तुमचे वडील नवीन कैद्यांत कुणी खलाशी आला की त्याच्या मागेच लागायचे हो. रॉटरडॅमला वास कसला येतो, सांग. पोरीला लिहायचंय." ती तेव्हा रडली नाही. पत्र्याचं झाकण लावलं आणि पहारेकऱ्याला विचारलं, तुम्ही जेवलात का.

गुरुवारी शिक्का नसतो, तो फक्त रविवारच्या भेटींना. ती पत्र घ्यायला आत गेली तेव्हा एरलिंदा, मायूमीची आई, पत्र न लिहिताच बसली होती. पिवळा सदरा, केस मागे करकचून बांधलेले, हातात पेन. अमली पदार्थांच्या खटल्यात चार वर्षं नुसत्या तारखा पडत गेल्या आणि गेल्या महिन्यात एकदाचा निकाल लागला होता, अजून बारा वर्षं.

"मंगळवारी नेतायत," ती म्हणाली. "मिंदानाओला. यादीत नाव लागलंय."

"अपील?"

"ते चालेल तिकडून. मावशी, मिंदानाओहून कोण येतं भेटायला? इथून एकतर जहाज, नाहीतर विमान. बारा वर्षांनी ती एकवीस वर्षांची होईल." बोटांवर मोजून ती थांबली. "रविवार शेवटचा. आणा ना तिला. एकदाच. लांबून दाखवा, फाटकाशी उभी करा. मी हाक मारणार नाही."

"लांबून नाही," आंपारो म्हणाली. "आणायची तर आत आणीन. पण लोलाची सही लागते."

"माझ्या आईला मी मेले असते तर बरं वाटलं असतं," एरलिंदा म्हणाली, आणि मग लगेच, "खोटं बोलले. तसं नाही. तिला मी खरंच कुवेतला घरकामाला असते तर बरं वाटलं असतं. मलाही. तिथे उंट असतात ना हो? गेल्या खेपेला मी लिहिलं, मालकिणीच्या दारात उंट बसतो. दारात बसतो का?" आंपारोला माहीत नव्हतं. वही उघडून कोऱ्या पानाकडे बघणाऱ्या त्या बाईकडे बघताना तिला भटारखान्यातला एक माणूस दिसत होता, तांदळातले खडे वेचता वेचता कुणाला तरी बर्फाबद्दल विचारणारा. अकरा वर्षं ती पोरांचा हात धरून या फाटकातून येते ती त्या माणसाकरता, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि तरी याच एका पोरीच्या बाबतीत तिने तिकिटं चिकटवली होती, कुवेतची. लोलाने गळ घातली, तेव्हा नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. मूग गिळून बसली. आणि खरं सांगायचं तर पाकिटावर परदेशी तिकीट चिकटवताना तिला बरं वाटायचं. जीभ लावून डिंक ओला करताना ती क्षणभर पुन्हा नऊ वर्षांची व्हायची, आणि बाबा पुन्हा जहाजावर असायचे.

शुक्रवारी मायूमी शाळेत असताना ती लोलाकडे गेली. लोला तांदूळ धूत होती. आंपारोने आडवळण न घेता सांगून टाकलं, बाहीचं तेवढं गाळून. लोलाने पाणी ओतलं, दुसरं घेतलं.

"हळू बोल. शेजारीण घरी आहे."

"शेजारणीला चार वर्षांपासून माहीत असेल."

"असेल. पण पोरीला नाही. मालकीण फोन ठेवून घेते म्हणून सांगितलंय, पोरीने ऐकलं. वर्गात सांगते, माझी आई कुवेतला. ताठ मानेने सांगते. आता तुझ्यामागे यायचं आणि पिवळ्या कपड्यातली आई बघायची? कशाला?"

"कारण मंगळवारनंतर ती दिसणार नाही."

"तुझ्या बापाचं तुला कुणी सांगितलं होतं का? काय बिघडलं तुझं? शिकलीस, टायपिस्ट झालीस, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतेस." लोलाचे हात तांदळात थांबले. "रॉटरडॅम हे नाव कुणी सुचवलं, माहितीये? माझ्या धाकट्या भावाने. तो खराखुरा बोटीवर होता. तुझी आई इथेच, या मोरीशी बसायची. आम्ही दोघी मिळून ठरवायचो, या महिन्यात कुठलं बंदर."

हे आंपारोला ठाऊक नव्हतं. तिच्या सगळ्या लहानपणाचा नकाशा या मोरीशी बसून दोघी बायकांनी काढला होता, तांदूळ धुता धुता. व्हॅल्परायझो ते हॅम्बुर्ग तीन आठवडे. तिला रागवायचं होतं. राग आला नाही.

"काय बिघडलं ते सांगते," ती म्हणाली. "मी जेवताना रेडिओ लावते, लोला. घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून. बातम्या संपल्या की ताट उचलते. एक जण विचारायला आला होता मला, चांगला होता, चपलांच्या दुकानात होता. तो म्हणायचा, उद्या येतो. आणि मला वाटायचं, हा कुठल्या बंदरातून बोलतोय? तो रोज यायचा. तरी वाटायचं. शेवटी तो यायचा थांबला. हे बिघडलं. माझा बाप चाळीस मिनिटांवर होता आणि तुम्ही दोघींनी त्याला समुद्रात घातलात."

लोलाने हात पुसले, चष्मा शोधला, संमतीच्या कागदावर सही केली, आणि कागद परत देताना नजर वर केली नाही. "मी तिला सांगणार नाही. माझ्या तोंडून नाही. रविवारी मी सकाळच्या प्रार्थनेला जाते, तिथून बहिणीकडे. पोरगी दिवसभर कुठे होती हे मला ऐकायचं नाहीये."

रविवारी मायूमी दारात तयार उभी होती. दोन वेण्या, पांढरे मोजे, आणि कुवेतचा झगा. लोलाने जाण्याआधी स्वतः घालून दिलेला, ठेवणीतला, नाताळात आईने धाडला म्हणून खोक्यातून निघालेला. तो बाजारातून आणून आंपारोनेच त्याची किमतीची चिठ्ठी कात्रीने कापली होती, याच घरात, पोरगी झोपलेली असताना. तिने वेण्या पाहिल्या, मोजे पाहिले, आणि पोरीला काय सांगायचं ते वाक्य मनात घोळवत राहिली. चार दिवस ती ते वाक्य रचत होती. जीपनीत दोघी कोपऱ्यात बसल्या, गाडी सुरू झाली, आणि ती म्हणाली, "मायूमी, आपण आज जिथे चाललोय ना..."

"माहितीये," मायूमी म्हणाली. खिडकीतून बाहेर बघत. "आमच्या वर्गात सोमवारी पाच जणांच्या हातावर असतो तसला शिक्का. बाई म्हणतात, हात धुऊन या. तो धुऊन जातच नाही. आणि कुवेतची पत्रं पोस्टमन कधीच आणत नाही, तुम्हीच आणता."

"कधी कळलं?"

"दुसरीत." मग जरा वेळाने, "लोलाला सांगू नका हं मला कळलंय ते. तिला वाईट वाटेल. ती मला उंटाच्या गोष्टी सांगते."

आंपारोने तिचा हात धरला. घामेजलेला, थंड हात होता. दोन वर्षं ही पोर एकटीने हे वागवत होती, वर्गात ताठ मानेने कुवेत म्हणत, घरी आजीच्या उंटावर हसत, रात्री कुशीवर वळून काय करत असेल कोण जाणे. आणि मी तिला गणितं शिकवत होते! त्या वहीतल्या हातच्याच्या चुका तिला आठवल्या, आणि लाज वाटली.

रांग लांब होती. शेवटच्या रविवारी नेहमीच असते, यादी लागली की सगळी घरं येतात. डबे उघडून बघत होते, भातात काठी खुपसून बघत होते. फाटकाशी पोचेपर्यंत भेटीची अर्धीच वेळ उरली. सार्जंट कातिंदिग बाई आंपारोला अकरा वर्षं ओळखतात. त्यांनी कागद घेतला, सही पाहिली, शिक्का उचलला आणि तसाच हातात धरून मायूमीकडे बघत राहिल्या.

"आंपारो, ही पिवळ्यात आहे."

पाहुण्याने पिवळं घालायचं नाही. आतल्या साडेतीनशे बायका पिवळ्यात असतात, आणि मोजणीच्या वेळी एक पिवळं जास्त झालं की फाटक बंद होतं, सगळ्यांचं. घरच्यांना द्यायच्या सूचनांच्या कागदावर हे पहिलंच वाक्य आहे. तो कागद आंपारोने स्वतः टाइप केलेला आहे. अकरा वर्षांत तिने शेकडो पोरांचे कपडे फाटकाच्या आधी तपासले, पिवळी रिबिनसुद्धा सोडायला लावली, आणि आज डोळ्यांसमोर झगा असून तिला दिसला नव्हता. तिला तो कुवेतचा दिसत होता. दुसरं काय.

"चिमुरडी आहे हो. हिला कोण कैदी म्हणेल?"

"मी नाही म्हणणार. पण वरून कॅमेऱ्यात बघणारा म्हणेल. समोरची टपरी बघ, भाड्याने शर्ट देते."

टपरीवरची बाई दुरूनच दोन्ही हात हलवत होती, सगळे गेले म्हणून. मायूमी स्वतःच्या झग्याकडे खाली बघत होती. रडत नव्हती, पण झग्याची कड मुठीत घट्ट धरली होती. "मी फाडू का?" तिने विचारलं. आंपारोने तिला मागच्या पडद्याआड, झडतीच्या जागी नेलं. आपला निळा शर्ट काढला, पोरीचा झगा उतरवला आणि शर्ट तिच्या डोक्यावरून घातला. तो पोरीच्या गुडघ्यांच्या खाली गेला, बाह्यांतून बोटंही दिसेनात. बाह्या चार वेळा दुमडल्या. आंपारोच्या अंगावर आता आतला बिनबाह्यांचा बनियन तेवढा होता. तसल्या कपड्यांतही मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. हेही तिच्याच कागदावर होतं, चौथं वाक्य.

"तुम्ही?" मायूमी म्हणाली.

"मी इथे आहे."

"एकटी जाऊ?"

"एकटी कशाने? मी नेते," सार्जंट कातिंदिग म्हणाल्या, आणि पोरीची बाही वर सरकवून तिच्या बारीक हातावर शिक्का मारला. जांभळा, ओला, हाताच्या मानाने फारच मोठा. लोखंडी दार उघडलं आणि मिटलं.

समोरच्या भिंतीला टेकून बसायला सिमेंटचा कट्टा होता. इतक्या वर्षांत आंपारो त्यावर कधी बसली नव्हती. टपरीवालीने न मागता एक पंचा आणून तिच्या खांद्यांवर टाकला आणि "किती वेळ आहे?" विचारून परत गेली. आंपारो मांडीवर पिवळा झगा घेऊन बसली. आत या वेळी काय चाललं असेल ते तिला इंचा-इंचाने माहीत होतं. लांब टेबल, पंख्यांचा आवाज, एकदम शंभर माणसं बोलतात म्हणून होणारा कलकलाट, हाक मारल्यावर पिवळ्यांतून एकीचं उठणं. पण माहीत असून काही दिसत नव्हतं. बाहेरून नुसती भिंत होती, वर काचा, एका ठिकाणी गिलावा पडून विटा दिसत होत्या. तिला वाटलं, सोळा वर्षं मी इथेच बसले होते. असल्याच भिंतीच्या बाहेर. फक्त भिंत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं समुद्र आहे. आणि पलीकडे तो, दर रविवारी, दुसऱ्यांच्या मुलांच्या नावांच्या हाका ऐकत बसत असेल. एकदा तरी त्याच्या नावाने कुणी हाक मारली असेल का? एकोणसाठ वर्षांची बाई, पंचा पांघरून, भर दुपारी रस्त्यावर रडायला लागली. टपरीवाली तिकडे पाठ करून बाटल्या लावत राहिली. तिला सवय असणार.

घंटा झाली. माणसं बाहेर यायला लागली, हात पुढे करून शिक्के दाखवत. मायूमी सगळ्यांत शेवटी आली. वेण्यांची एक रिबीन नव्हती. ती सरळ कट्ट्यावर येऊन शेजारी बसली आणि पाय हलवत राहिली.

"रिबीन?"

"आईला दिली." जरा वेळाने म्हणाली, "आईने आधी मला ओळखलंच नाही. मग हा शर्ट हुंगला. म्हणाली, आपल्या घरासारखा वास नाहीये. मी म्हटलं, हा मावशीचा आहे. मग ती म्हणाली, चांगला आहे. आणि पुन्हा हुंगला."

आंपारोच्या कपड्यांना वास असतो हे कुणी म्हणून किती वर्षं झाली होती.

मायूमीने तिच्या उघड्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या. उलटसुलट करून पाहिलं. "तुम्हाला नाही मिळाला ना," ती म्हणाली. मग तिने आपल्या शिक्क्यावर जीभ फिरवली, एकदा, दोनदा, तिकिटाचा डिंक ओला करतात तशी, आणि आपला हात आंपारोच्या हातावर दाबून धरला. तोंडाने पुटपुटत वीसपर्यंत मोजलं. हात उचलला तेव्हा आंपारोच्या कातडीवर फिकट जांभळं वर्तुळ होतं, आत तारीख, आरशात दिसावी तशी.

"उलटा आलाय," मायूमी नाराज होऊन म्हणाली.

"येऊ दे. मला वाचता येतो."

घराशी पोचायच्या आधी चर्चच्या मोरीत त्यांनी कपडे बदलले. लोला दारात खुर्ची टाकून बसली होती. बहिणीकडून लवकर परत आलेली, किंवा गेलेलीच नसेल. मायूमीने रोजच्यासारखा आशीर्वादासाठी आजीचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. झग्याला बाह्या नव्हत्या. लोलाने नातीचा हात सोडला नाही. शिक्क्यावरून अंगठा फिरवला, दोनदा, जणू काही तो पुसतो का ते बघत होती. मग म्हणाली, "बारीक झालीये का गं ती?"

"थोडीशी," मायूमी म्हणाली. "केस मात्र लांब आहेत."

"खाते का नीट?"

"तुझा भात आवडतो म्हणाली. फाटकावर त्यात काठी खुपसली नाही तर."

लोला उठली, पोरीला धरून आत गेली, आणि आतून तिचा आवाज येत राहिला, एकामागून एक प्रश्न, चार वर्षांचे. दाराशी आंपारो थोडा वेळ उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही. दोघींना ती तिथे आहे याची आठवण राहिली नव्हती. हे बरंच झालं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. तरी नाल्याच्या काठाने जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. जीपनीत ती उभ्याने गेली, हात अंगापासून जरा लांब धरून. घरी आल्यावर रेडिओ लावायचा राहिला. अंग घामाने चिकट झालं होतं, म्हणून तिने बादली भरली, आणि शिक्क्याचा डावा हात पाण्याबाहेर वर धरून, एका हाताने, सावकाश अंघोळ केली.